ऋण काढून डी-२८: मार्टिनची गिटार, बारा हप्ते आणि दुसऱ्या दिवशीची रुखरुख

तीन लाखांच्या गिटारीची रुखरुख बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. दुकानात घुमलेली गिटार घरात जरा मुकी वाटते, बोटं दुखतात, तिसऱ्या तारेवर कुठेतरी खरखर ऐकू येते, आणि तेवढ्यात बँकेचा मेसेज येतो की आपला व्यवहार बारा हप्त्यांत बदलून दिला आहे. मग हप्त्यांचा राग गिटारीवर निघतो आणि गिटारीचा स्वतःवर. हे दोन हिशेब वेगवेगळे मांडायला हवेत. गिटारीबद्दलच्या बऱ्याच तक्रारी पाच मिलिमीटरची ॲलन-की (षटकोनी टोकाची वाकडी किल्ली) आणि एक आर्द्रतामापक यांनी मिटतात. हप्त्यांच्या कागदातल्या तक्रारी मात्र सही करण्याआधीच मिटवाव्या लागतात.

इथे परीक्षण आहे ते मार्टिनच्या डी-२८ चं, आणि त्याच्याइतकंच ती ज्या 'नो-कॉस्ट ईएमआय'वर, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या मासिक हप्त्यांवर, घेतली जाते त्याचंही. किंमत दुकान, साल आणि डॉलरचा भाव पाहून हलते, म्हणून हिशेबापुरते सरळ ३ लाख धरू.

वाद्याबद्दल आधी. मार्टिन ही पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावची १८३३ सालापासूनची कंपनी. 'डी' म्हणजे ड्रेडनॉट. ब्रिटिश युद्धनौकेवरून या मोठ्या पोटाच्या आकाराला हे नाव पडलं. डी-२८ या नावाने मार्टिन ही गिटार १९३१ पासून बनवते. वरची फळी सिटका स्प्रूसची. मागची पाठ आणि बाजू ईस्ट इंडियन रोजवुडच्या. ही रोजवुड म्हणजे आपली शिसवी, जुन्या वाड्यांतल्या पलंगांची आणि झोपाळ्यांची. १९६९-७० च्या सुमारास ब्राझिलियन रोजवुड मिळणं अवघड झालं तेव्हा कंपनी भारतीय शिसवीकडे वळली आणि तिथेच राहिली. म्हणजे लाकूड इथून नाझरेथला जातं आणि गिटार होऊन जकात भरून परत येतं. किमतीतले काही हजार या फेरफटक्याचेच आहेत, हे मनाशी धरलेलं बरं.

फिंगरबोर्ड (मानेवरची बोटं दाबायची पट्टी) आणि ब्रिज (पोटावर तारा अडकवायचा ठोकळा) एबनीचे. नट आणि सॅडल, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला आणि ब्रिजवर तारा ज्यांच्यावर टेकतात त्या पट्ट्या, हाडाच्या. स्केल, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंत तारेची लांबी, २५.४ इंच; फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) २०, चौदाव्या फ्रेटला मान पोटाला मिळते. २०१७ च्या फेरबदलानंतर नटची रुंदी ४४.४५ मिलिमीटर झाली आणि आतून वरच्या फळीला आधार देणाऱ्या पट्ट्यांचा (एक्स-ब्रेसिंगचा) फुलीचा सांधा साउंडहोलकडे, म्हणजे पोटावरच्या गोल भोकाकडे, सरकवला गेला. स्वस्त गिटारींचा नट बहुतेकदा ४३ मिलिमीटरचा असतो. हा दीड मिलिमीटर हाताला चांगलाच जाणवतो: अंगठा वरून आणून सहावी तार दाबणाऱ्यांना पहिले आठ दिवस मान जाड वाटते, बोटांनी तारा छेडणाऱ्यांना मोकळं वाटतं. ही जाणीव सवयीची आहे, दोषाची नाही. निदान दोन आठवडे तिच्यावर निकाल देऊ नये.

आवाज खर्जाला भरलेला, वर चकचकीत आणि मध्ये किंचित पोकळ. शिसवीमुळे प्रत्येक सुरामागे वरच्या सुरांची लांब शेपटी राहते. पिकने जोरात स्ट्रमिंग केलं तरी आवाज फाटत नाही. या गिटारीचा खरा गुण हाच. मोठ्याने गाणाऱ्याच्या मागे, ढोलकी किंवा कहोनबरोबर (बसून वाजवायच्या लाकडी पेटीबरोबर), मोकळ्या दालनात ती उठून दिसते. उलट सगळे भावगीत हळू आवाजात गाताहेत आणि गिटारीने नुसते स्वरमेळ धरायचे आहेत, तिथे तिचा खर्ज गाण्यावर बसतो. अशा कामाला महॉगनीची डी-१८ किंवा लहान पोटाची ०००-आकाराची गिटार बरी. डी-२८ चं खालचं पोट १५ आणि पाच अष्टमांश इंच रुंद आणि जवळपास पावणेपाच-पाच इंच खोल असतं. बुटक्या माणसाचा उजवा खांदा तासाभरात भरून येतो. दुकानात उंच स्टुलावर दहा मिनिटं वाजवून हे कळत नाही. घरी पलंगावर बसून तासभर वाजवल्यावर कळतं.

दहा बाय बाराच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून वाजवली तर खर्ज गुरगुरतो आणि वाटतं की गिटारच बोदी आहे. खोलीच्या मध्याकडे, कोपऱ्यापासून चार फूट दूर बसा. गादी किंवा पडदा समोर येऊ द्या. फरक लगेच ऐकू येतो. 'वाजवून वाजवून खुलेल' हे आश्वासन मात्र हिशेबात धरू नये. स्प्रूसची फळी काळाने थोडी सैलावते हे खरं, पण आज ज्या आवाजाने मन भरत नाही तो दोन वर्षांनी भरेल या आशेवर हप्ते भरू नयेत.

साध्या डी-२८ मध्ये पिकअप, म्हणजे गिटारीचा आवाज स्पीकरकडे नेणारा भाग, नसतो. स्टेजवर वाजवायची असेल तर पिकअप, तो बसवण्याची मजुरी आणि प्रीॲम्प हा खर्च वेगळा, आणि खर्जामुळे फीडबॅकही इतरांपेक्षा आधी येतो. खरेदीच्या वेळी हे कुणी सांगत नाही आणि चौथ्या हप्त्याला आठवतं.

आता मोजमाप. रुखरुख खरी की खोटी हे ठरवायला साहित्य थोडंच लागतं: अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पोलादी पट्टी, कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा), फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच), वीस इंची सरळ धार आणि लांब दांड्याची ५ मिलिमीटर ॲलन-की. फीलर गेज नसेल तर इलेक्ट्रिक गिटारच्या १० नंबरच्या संचातली पहिली तार चालते; तिची जाडी बरोबर ०.२५ मिलिमीटर असते.

गिटार सुरात लावून घ्या. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, सहावी तार चौदाव्या फ्रेटवर दाबा आणि सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते पाहा. ०.१ ते ०.२५ मिलिमीटर हवी. दहा नंबरची तार खालून सैल जात असेल तर मान तारांच्या ओढीने पुढे वाकली आहे. फट अजिबातच नसेल तर मान मागे गेली आहे आणि पहिल्या चार-पाच फ्रेटांवर खरखर होणारच. (तारेखाली अशी झणझण सतारीच्या जवारीला शोभते. इथे ती बिघाड आहे.) मार्टिनचा ट्रस रॉड (मानेच्या आतला, तिचा बाक बदलणारा धातूचा गज) साउंडहोलमधून फिरवायचा असतो. आतल्या पहिल्या आडव्या पट्टीपलीकडे तो लपलेला असतो, म्हणून आखूड ॲलन-की पोचत नाही आणि लोक पट्टीच खरवडून ठेवतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की मान सरळ होते. एका वेळी पाव फेरा, तारा पुन्हा सुरात, दहा मिनिटं थांबा, मग परत मोजा. अर्धा फेरा फिरवूनही काही हललं नाही किंवा ॲलन-की अडायला लागली, तर तिथेच थांबून कारागिराकडे न्या.

मग ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटांपासूनची उंची. कॅपो काढून बाराव्या फ्रेटच्या डोक्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा: सहाव्या तारेला २.४ ते २.८ आणि पहिल्या तारेला १.६ ते २ मिलिमीटर. नवी गिटार वरच्या आकड्यांच्याही पुढे निघाली तर ती मुंबई-पुण्यातल्या हवेत फुगली असण्याचा संभव मोठा. ॲक्शन उतरवायला ट्रस रॉड वापरू नये. ही चूक हौशी लोक तर करतातच, काही दुकानातले सेटअपवालेही करतात. ॲक्शन उतरते सॅडलने. बाराव्या फ्रेटवर ०.४ मिलिमीटर उतरवायचे तर सॅडलच्या तळातून ०.८ मिलिमीटर घासावे लागतात, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर आहे. तळ सपाट राहिला नाही तर तारांचा आवाज कमी-जास्त येतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूळ सॅडल घासूच नका. हाडाचं दुसरं करून घ्या आणि मूळचं केसच्या कप्प्यात ठेवा. परत द्यायची वेळ आली तर गिटार आली तशी जायला हवी. घासलेलं सॅडल दिसलं की दुकान 'वापरलेली' म्हणून हात वर करतं.

यानंतरच्या दोन तपासण्या मात्र गंभीर आहेत. सरळ धार फ्रेटांवर ठेवून ब्रिजकडे सरकवा. तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला लागायला किंवा केसभर वरून जायला हवं. ते ब्रिजच्या कडेखाली आपटलं तर मानेचा कोन कमी आहे. सॅडलही मग ब्रिजबाहेर जेमतेम दीड-दोन मिलिमीटरच दिसेल. मार्टिनची मान डव्हटेल (कबुतराच्या शेपटीच्या आकाराच्या) खाचेत सरसाने बसवलेली असते; टेलर कंपनीच्या गिटारींसारखी बोल्ट काढून पातळ पट्टी बदलायची सोय इथे नाही. मान सोडवून कोन बदलणं हे काम वाफ आणि अनुभव मागतं आणि ते करणारे हात आपल्याकडे मोजके आहेत. वीस-तीस वर्षांच्या गिटारीला ते करावं लागतं, त्यात नवल नाही. नव्या गिटारीला लागणार असेल तर ती त्याच दिवशी परत करावी. दुसरी तपासणी कागदाची: वहीच्या पानाचा तुकडा ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून पाहा. तो आत शिरला तर ब्रिज सुटायला लागला आहे.

बाकी सहाही तारांवर प्रत्येक फ्रेट एकदा दाबून ऐका. एकाच फ्रेटवर सूर मरतो किंवा पुढच्या फ्रेटचाच सूर येतो, तर एखादा फ्रेट उंच राहिला आहे. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि दुकानाने मोफत करून द्यायला हवं.

दुकानातला आवाज घरी आला नाही, यामागे पुष्कळदा तारा असतात. प्रदर्शनात टांगलेल्या गिटारीला कितीजणांचे घामट हात लागलेले असतात. शिवाय तारांची जाडी पाहा. (संचाचे आकडे पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत.) १३-५६ च्या मीडियम संचाची एकूण ओढ सुमारे ८४ किलो, १२-५४ च्या लाइटची सुमारे ७४. दहा किलोंचा हा फरक बोटांना पहिल्याच दिवशी कळतो. नवशिक्याने किंवा इलेक्ट्रिकवरून आलेल्याने मीडियम तारांवरून गिटारीला नावं ठेवण्यापेक्षा लाइट संच चढवावा आणि मान पुन्हा मोजावी, कारण ओढ कमी झाली की मान मागे जाते. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोव्यात साध्या फॉस्फर-ब्राँझ तारा दमट हवेने आणि घामाने लवकर काळवंडतात; कोटिंगच्या तारा महाग असल्या तरी इथे शेवटी स्वस्त पडतात.

हवेचा प्रश्न खरा. सबंध लाकडाच्या गिटारीला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. जुलैत मुंबईत ती ८५ च्या पुढे असते, आणि एप्रिलच्या दुपारी नागपूर-अकोल्याकडे २० च्याही खाली जाते. पुण्याचं घर तर वर्षभरात दोन्ही टोकं दाखवतं. पावसाळ्यात वरची फळी पाणी पिऊन फुगते, ब्रिजमागे पोट येतं, ॲक्शन चढते, आवाज बोदा होतो. उन्हाळ्यात फळी आकसून खाली बसते, तारा खरखरतात, फिंगरबोर्ड आकसल्याने फ्रेटांची टोकं बाजूने बोटाला टोचायला लागतात. टोकं टोचली की पुढची पायरी फळी तडकण्याची. आणि कोरड्या किंवा दमट हवेने झालेलं नुकसान हमीत बसत नाही. हमीही पहिल्या मालकाचीच असते.

उपाय महाग नाहीत. गिटार भिंतीवर टांगायची नाही, बरोबर आलेल्या कडक केसमध्ये बंद ठेवायची. केसमध्ये डिजिटल आर्द्रतामापक. तो खरं बोलतो का हे आधी तपासा: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, चार थेंब पाण्याने ओल्या वाळूसारखं करा, मापकाबरोबर झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर त्याच्या प्रत्येक आकड्यात पाच मिळवत जा. जून ते सप्टेंबर केसमध्ये ५०-५० ग्रॅमच्या सिलिका जेलच्या दोन पुड्या, एक डोक्याकडे, एक मानेच्या टाचेखाली. केशरी दाणे हिरवे झाले की मंद आचेच्या तव्यावर किंवा ओव्हनमध्ये वाळवून परत. मार्चपासून साउंडहोलमधला ओला स्पंज. दोन्हीची कटकट नको असेल तर ४९ टक्क्यांच्या दुहेरी पुड्या मिळतात. त्या ओल घेतातही आणि देतातही, पण मुंबईच्या पावसात लवकर फुगून निकामी होतात, तेव्हा जोडीला सिलिका लागतेच. रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत गिटार उघडी ठेवून दिवसा खिडक्या उघडायच्या, हा सगळ्यात वाईट प्रकार. लाकूड रोज दोनदा श्वास कोंडून सोडतं.

रंगाबद्दल एक सूचना पावसाळी संध्याकाळीच आठवावी अशी. डी-२८ वर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ थर असतो. रबरी नळ्यांच्या स्वस्त स्टँडवर ठेवली तर तिथे डाग पडतो. आणि डासांसाठी हाताला लावायच्या मलमात डीट असेल तर ते लॅकर चक्क विरघळवतं. मलम लावून गिटार मांडीवर घेतली की उजव्या कोपराखाली चिकट ठसा उमटतो आणि तो पुसून जात नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला नाहीतर मलम नंतर लावा. बंद गाडीच्या डिकीत तर ती तासभरही ठेवू नये. उन्हात सरस आणि लॅकर दोन्ही मऊ पडतात.

आता हप्ते. क्रेडिट कार्डावर १६ टक्के दराने, बारा महिन्यांचा 'नो-कॉस्ट' हप्ता कसा बसतो ते पाहा. दुकान तुम्हाला ३ लाखांवर २४,४६० रुपये सूट देतं, कार्डावर २,७५,५४० रुपये चढतात, आणि बँक त्यावर तेवढंच, २४,४६० रुपये, व्याज लावते. महिना २५,०००, बेरीज ३ लाख. इथवर सगळं खरं. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो दुकानाच्या सवलतीत धरलेला नसतो: ४,४०३ रुपये. वर १९९ रुपये प्रोसेसिंग फी आणि तिचा जीएसटी, मिळून २३५. म्हणजे 'नो-कॉस्ट'ची कॉस्ट ४,६३८ रुपये. पहिल्या महिन्याचं बिल २५,००० नव्हे, २५,८९६ येतं, कारण सुरुवातीला व्याज जास्त असतं. शेवटच्या हप्त्याला हाच जीएसटी ६० रुपयांच्या आत येतो. पहिलं बिल पाहून 'फसवलं' असं वाटतं ते यामुळे.

त्यापेक्षा मोठा प्रश्न असा की, तीच सूट रोखीने देणाऱ्याला मिळते का? हे दुकानाला थेट विचारा: 'हप्ते नकोत, आत्ता सगळे देतो, २,७५,००० ला देता का?' पुष्कळदा उत्तर 'बघू' असं येतं, आणि त्या 'बघू'त वीसेक हजार असू शकतात. मग नो-कॉस्ट हप्ता फुकट नव्हता. त्याचं व्याज किमतीत घालून ठेवलं होतं.

दोन वर्षांचा, 'नो-कॉस्ट' नव्हे तर घटत्या शिलकीवर नेहमीचं व्याज लागणारा हप्ता घेतला तर चित्र बदलतं. १६ टक्क्यांनी २४ महिने: हप्ता १४,६८९, व्याज ५२,५३५, त्यावर जीएसटी ९,४५६. जवळजवळ ६२ हजार, म्हणजे बऱ्यापैकी दुसरी गिटार. हप्ता लहान दिसतो म्हणून ही मुदत निवडणं हेच या खरेदीतलं सगळ्यात महाग पाऊल. गिटारीची किंमत त्यापुढे दुय्यम.

टोचणी लागली की पहिला विचार येतो, 'एकदम भरून मोकळं होऊ.' थांबा आणि मोजा. मुदतीआधी हप्ते बंद करायला बँका शिल्लक मुद्दलाच्या ३ टक्क्यांच्या आसपास आकार घेतात, वर जीएसटी. वरच्या बारा हप्त्यांत तीन भरून झाल्यावर बंद केलं तर शिल्लक मुद्दल २,१०,७०५. आकार जीएसटीसह ७,४५९. वाचणारं व्याज आणि त्याचा जीएसटी १६,८६८. फायदा ९,४०९. सहा हप्त्यांनंतर फायदा उरतो २,९०५. आठनंतर ४०५. नऊनंतर बंद केलंत तर उलट २७८ रुपये पदरचे जातात. म्हणजे दिवाळीच्या बोनसने मोकळं व्हायचं असेल तर तो बोनस पहिल्या चार-पाच महिन्यांतच यायला हवा. तुमच्या बँकेचा टक्का वेगळा असेल तर हेच गणित तो घालून करा.

हप्ता चालू असताना कार्डाची मर्यादा तेवढ्या रकमेने अडकलेली असते आणि हप्ते फिटतील तशी सुटते. घरात दवाखान्याचं काही निघालं तर हे कार्ड हाताशी नसेल, एवढं लक्षात असू द्या. हप्त्यासकट पूर्ण बिल न भरता किमान रक्कमच भरली, तर उरलेल्या शिलकीवर महिना साडेतीन टक्क्यांच्या घरातलं व्याज सुरू होतं आणि नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. तिथून मग १६ टक्के हा दर स्वप्नवत वाटतो.

कर्ज कार्डावर नसून ॲपवरून एखाद्या वित्तसंस्थेकडून घेतलं असेल तर एक वाट आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जांच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्याला 'कूलिंग-ऑफ' मुदत ठेवावीच लागते, किमान एक दिवसाची. तिच्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. प्रोसेसिंग फी मात्र ते ठेवून घेऊ शकतात. ही मुदत आणि खरा वार्षिक दर 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाच्या कागदावर असतो. तो ईमेलमध्ये आलेला असतो आणि कुणी उघडत नाही. ज्या रात्री झोप येत नाही त्या रात्री तो उघडावा.

मग ठेवायची की नाही? आठवड्यातून चार-पाच दिवस वाजणार असेल, मोठ्याने गाणारं कुणी बरोबर असेल, आणि हप्ता भरून महिनाअखेरीला उसनवारी करावी लागत नसेल, तर डी-२८ ठेवा. मोजमाप बरोबर आल्यावर तिच्यात खोट काढायला जागा थोडी राहते. फक्त घरी, हळू आवाजात, बोटांनी वाजवायची असेल तर ती चांगली गिटार आहे पण तुमची नव्हे. यामाहाची एलएल१६ हीसुद्धा सबंध लाकडाची आणि शिसवी पाठीची आहे, आणि बरीच स्वस्त. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असेल आणि केस-सिलिकाचा रोजचा उपद्व्याप जमणार नसेल, तर मार्टिनच्याच मेक्सिकोतल्या कारखान्यातल्या एक्स मालिकेत पाठ आणि बाजू लॅमिनेटच्या असतात. आवाजाला शिसवीची सर नाही, पण हवेचं दुखणंही थोडं. दुसऱ्याला विकून टाकू, हा मार्ग शेवटचा ठेवा: हमी नव्या मालकाकडे जात नाही, आणि हे घेणाऱ्याला ठाऊक असतं.

परत करायचं ठरलं तर त्याच दिवशी दुकानाला लेखी कळवा, फोनवर नको. मूळ सॅडल जागेवर आहे ना, केस, किल्ल्या, हमीपत्र, ॲलन-की सगळं आहे ना ते पाहा आणि अनुक्रमांकाचा फोटो काढा. तो साउंडहोलमधून आत पाहिलं की दिसतो. तारा पूर्ण सैल करू नका, दोन सूर उतरवा. केसमध्ये डोक्याखाली आणि दोन्ही बाजूंना घडी घातलेली वर्तमानपत्रं भरा, म्हणजे खोकं आपटलं तरी मान झोके खाणार नाही.

दुकानाने पैसे परत केले की हप्ता आपोआप थांबेल असं समजू नका. परतावा कार्डावर जमा म्हणून पडतो आणि हप्त्याचा व्यवहार बँकेकडे वेगळा चालूच राहू शकतो. बँकेला स्वतः कळवून 'मर्चंट रिफंड आला आहे, ईएमआय रद्द करा' असं सांगावं लागतं. बिलात लागून गेलेला जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुधा परत येत नाही. परतावा ३ लाखांचा नव्हे, २,७५,५४० चा येईल, कारण कार्डावर तेवढेच चढले होते; दरम्यान हप्ता गेला असेल तर तो यात कसा जुळवला हेही विचारून घ्या. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पुढच्या बिलात ईएमआयची ओळ पुन्हा दिसली तर पहिल्यांदा तोच विचारतात.